कित्ता किती दिवस गिरवायचा?

तुझं पत्र दोनदा वाचलं. मला ते नीट कळलंय की नाही हे तुलाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते.

तू विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. पहिल्या वर्षी एकच प्रयोग तिसऱ्यांदा फसला आणि तू वही मिटून निघायच्या बेतात होतीस, तेव्हा दोन वर्षं पुढे असलेली एक ताई शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. तेव्हापासून ती तुझ्यासाठी सगळं काही झाली. तू तिच्यासारख्या नोंदी काढतेस, तिचे शब्द तुझ्या तोंडात आलेत, मैत्रिणी तुला तिची सावली म्हणतात. चार महिन्यांनी ती कॉलेज सोडतेय. तू विचारतेस की हे नुसतं अनुकरण आहे का. तिला शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं तेव्हा आनंदाच्या जोडीला आत काहीतरी टोचलं, त्याची तुला लाज वाटते. तिने निवडलेलाच विषय आपणही पुढे घ्यावा का, हा तिसरा प्रश्न. ती गेल्यावर आपलं काय होणार, हा चौथा. आणि शेवटी एका ओळीत लिहिलंयस की आता पहिल्या वर्षाची मुलं तुझ्याकडे शंका घेऊन येतात आणि तुला आपण तोतया आहोत असं वाटतं.

मी आधी गणित शिकवायचे. गेली बावीस वर्षं विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते आणि नव्या मुलांची वरच्या वर्गातल्या मुलांशी गाठ घालून देते. या काळात अशा शेकडो जोड्या जवळून पाहिल्या आहेत. काही आयुष्यभर टिकल्या, काही सहा महिन्यांत विस्कटल्या. त्यावरून सांगते.

अनुकरणाची भीती आधी बाजूला ठेव. आपण सगळे अक्षर शिकलो ते कित्ता गिरवूनच. पाटीवर आधीच काढलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवायची, हाताला वळण लागेपर्यंत. कित्ता गिरवणारं मूल नक्कल करतंय असं कुणी म्हणत नाही. आणि गंमत अशी की एकाच कित्त्यावर शिकलेल्या तीस मुलांची अक्षरं पुढे तीस तऱ्हेची होतात. तेव्हा तू तिच्या नोंदींची पद्धत उचललीस, तिचे शब्द उचललेस, यात खोटं काही नाही. मला विचारावंसं वाटतं ते वेगळंच: तू तिचं नेमकं काय गिरवतेयस?

कारण तुझ्या पत्रात ताईचं वर्णन जवळजवळ पानभर आहे आणि त्यात ती एकदाही अडलेली दिसत नाही. ती भराभर समजावते, तिचे आलेख पहिल्याच फटक्यात नीट येतात, तिला परीक्षेचं दडपण येत नाही, तिला सगळं ठाऊक असतं. अगं, दोन वर्षं तू तिच्या इतक्या जवळ आहेस आणि तुला ती एकदाही अडलेली दिसली नाही? ती अडत असणारच. तू तिकडे बघितलं नाहीस, किंवा तिने दाखवलं नाही. माझ्या अनुभवात मोठ्या विद्यार्थ्याकडून शिकण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट नेमकी तिथे असते.

हे मला कसं कळलं ते सांगते. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या दोन वर्षं पुढे एक मुलगा होता. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. गणितात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मी त्याच्याकडे देवासारखं बघायचे. एकदा वाचनालय बंद व्हायला तासभर असताना मी एका कोड्यापाशी अडले होते. वर्तुळावर काही बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येक बिंदूला सरळ रेषेने जोडायचा, आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात ते सांगायचं. दोन बिंदूंना 2 तुकडे, तीनला 4, चारला 8, पाचला 16. मी दादाला दाखवलं. तो म्हणाला, ‘सोपं आहे, सहाला 32. दरवेळी दुप्पट.’ मीही तेच लिहिणार होते. पण त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि म्हणाला, ‘तरी मोजून बघू.’

त्याने सहा बिंदू सारख्या अंतरावर घेतले, रेषा मारल्या आणि प्रत्येक तुकड्यात बारीक ठिपका देत मोजायला लागला. 30 आले. पुन्हा मोजले. 30च. दादा गप्प झाला. कान लाल झाले होते त्याचे, ते मला अजून आठवतं. मला वाटलं, आता तो कागद चुरगळणार किंवा म्हणणार की उद्या बघू. त्याने तसं केलं नाही. जिथे 32 लिहिलं होतं त्याच्या शेजारी, समासात, त्याने लिहिलं: ‘इथे फसलो. चार उदाहरणांवर विश्वास ठेवला.’ खाली तारीख घातली. मग आकृतीकडे बघत बसला आणि म्हणाला, ‘मधोमध तीन रेषा एकाच बिंदूतून जातायत. तिथे एक तुकडा बुजतोय.’ त्याने एक बिंदू किंचित सरकवला, पुन्हा रेषा मारल्या, पुन्हा ठिपके. 31. सहा बिंदूंना 31च तुकडे होतात, 32 कधीच होत नाहीत. पुढची पंधरा-वीस मिनिटं आम्ही ते का, हे शोधत होतो. प्रत्येक रेषा एक तुकडा वाढवते, रेषांचा प्रत्येक छेद आणखी एक वाढवतो, आणि एक छेद व्हायला चार बिंदू लागतात. सहा बिंदूंतून दोन-दोनच्या जोड्या 15, चार-चारचे गट 15, आणि मुळातलं अखंड वर्तुळ 1. मिळून 31. पाच बिंदूंना हाच हिशेब 10, 5 आणि 1 असा 16 येतो, म्हणून तिथवर दुप्पट होतंय असा भास होतो.

कोडं मी नंतर शेकडो मुलांना घातलं. पण त्या संध्याकाळी मी जे घेऊन गेले ते कोड्याचं उत्तर नव्हतं. हुशार माणूसही चुकतो, चुकल्यावर त्याचेही कान लाल होतात आणि तरी तो कागद टाकत नाही, हे मी हाताच्या अंतरावरून पाहिलं. समासात ‘इथे फसलो’ लिहायची सवय मी तेव्हापासून उचलली आणि आजतागायत सोडलेली नाही. दादाचं अक्षर, त्याचं बोलणं, पेन्सिल कानावर ठेवायची लकब, हे सगळं मी वर्षभर गिरवलं होतं. ते केव्हाच गळून पडलं.

संशोधनही याच बाजूने बोलतं. डेल शंक आणि हॅन्सन यांनी 1985 साली वजाबाकीत मागे पडलेल्या मुलांवर एक अभ्यास केला. काही मुलांना शिक्षक वजाबाकी करताना दाखवले, काहींना त्यांच्याच वयाचं मूल. बरोबरीचं मूल बघितलेल्या मुलांचा आत्मविश्वास जास्त वाढला आणि गणितंही त्यांना जास्त जमली. दोन वर्षांनी शंक यांनी सहकाऱ्यांबरोबर अपूर्णांकांवर काम केलं. त्यात सफाईने गणित सोडवणारा एकच मुलगा बघण्यापेक्षा, आधी अडखळणारा, ‘हे मला अवघड जातंय’ असं बोलून दाखवणारा आणि हळूहळू सावरणारा मुलगा बघितल्याचा मुलांना अधिक फायदा झाला. अडखळणारा आपला वाटतो. सफाईदार माणूस बघून आपण टाळ्या वाजवतो आणि वही मिटतो.

प्राध्यापकापेक्षा ताईचं समजावणं तुला जास्त का भिडतं, याचंही उत्तर इथेच आहे. एखादी गोष्ट पुरती अंगवळणी पडली की ती न येणाऱ्याला कशी दिसते, हे माणूस विसरतो. 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. ताई तुझ्याहून दोनच वर्षं पुढे आहे. ती टकटक तिने स्वतः अलीकडेच ऐकलेली आहे. निवृत्तिनाथ ज्ञानेश्वरांचे गुरू, पण वयाने दोन-तीन वर्षांनीच मोठे असलेले सख्खे भाऊ. इतक्या थोड्या अंतराचं हे नातं आपल्याला अनोळखी नाही.

म्हणून पुढचे चार महिने एक काम कर. ताईला उत्तरं विचारणं कमी कर आणि ती काम करत असताना शेजारी बसायची परवानगी माग. तिचा स्वतःचा प्रकल्प चालू असेल, त्यात ती आज कुठे अडलीय ते विचार. ‘तुला हे कसं येतं?’ या प्रश्नावर माणसं मोघम बोलतात, ‘सराव कर’, ‘संकल्पना पक्क्या कर’. ‘मागच्या आठवड्यात तुझं काय चुकलं आणि ते तुला कशावरून कळलं?’ असं विचारलंस तर अर्धा तास कसा जाईल कळणार नाही. पहिल्यांदा ती संकोचेल. तुझ्या डोळ्यांतली तिची प्रतिमा तिलाही ठाऊक आहे, आणि ती सांभाळायचं ओझं तिच्यावर आहे. माझ्याकडे अशी कितीतरी ‘आदर्श’ मुलं रडून गेली आहेत, ज्यांना ज्युनिअरसमोर ‘मला येत नाही’ म्हणण्याची सोय उरली नव्हती. तू तिला ती सोय करून दिलीस तर तिच्यावरही उपकार होतील.

आता त्या टोचण्याबद्दल.

मराठीत हेवा आणि मत्सर हे दोन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. ‘हेवा वाटावा असं यश’ हे आपण कौतुकानेच म्हणतो. मत्सराबद्दल असं कुणी म्हणत नाही. हेव्यात ‘मलाही ते हवं’ असतं, मत्सरात ‘तिच्याकडे ते नको’ असतं. डच भाषेतही असेच दोन शब्द आहेत, आणि नेदरलँड्समधल्या नील्स व्हान दे फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन भावनांचा बारकाईने अभ्यास केला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की नुसत्या कौतुकाने माणूस सुखावतो, पण कामाला लागतो तो हेव्याने, आणि तोही ‘हे मला साधण्यासारखं आहे’ असं वाटत असेल तर. तेव्हा तुला टोचलं याचा अर्थ तू तिचं यश स्वतःच्या आवाक्यात धरायला लागली आहेस. वर्षभरापूर्वी तुला टोचलं नसतं. तेव्हा ती तुझ्या लेखी फार उंचावर होती.

याच्याशी जोडलेला आणखी एक अभ्यास मी मुलांना नेहमी सांगते, कारण तो अगदी तुझ्यासारख्यांवरच झालाय. पेनेलोपी लॉकवूड आणि झीवा कुंडा यांनी 1997 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातला त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेखाकर्माच्या विद्यार्थ्यांना त्याच शाखेतल्या चौथ्या वर्षाच्या एका अतिशय यशस्वी विद्यार्थ्याविषयी वाचायला दिलं. पहिल्या वर्षाची मुलं ते वाचून हुरूपली आणि स्वतःविषयी त्यांचं मत चांगलं झालं. चौथ्या वर्षाच्या मुलांवर तसा परिणाम झाला नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे वेळ होता, चौथ्या वर्षाच्या मुलांच्या हातून तो गेला होता. माणूस तोच, यश तेच, फरक फक्त आपल्यापुढे वाट उरली आहे की नाही एवढाच. तू आत्ता यांच्या मध्ये उभी आहेस. वाट अजून बरीच उरली आहे, पण ती आता दिसायला लागली आहे, म्हणून हुरूपही आहे आणि टोचणीही. यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. लाज कधी वाटावी, तर तिचं यश कमी ठरवणारं वाक्य तू दुसऱ्याजवळ बोललीस तर. ‘तिचं काय, सरांची मर्जी आहे तिच्यावर,’ असलं काही. तसं वाक्य जिभेवर आलं तर तिथेच गिळ आणि घरी जाऊन लिहून काढ, की तिच्याकडचं नेमकं काय मला हवं आहे. बहुतेक वेळा शिष्यवृत्ती नको असते. अर्ज करायची तिची हिंमत हवी असते.

विषयाबद्दल मी तुला हो किंवा नाही म्हणणार नाही. तुझी गुणपत्रिका मी पाहिलेली नाही आणि पाहिली असती तरी एवढ्यावरून बोलले नसते. पण एक पडताळा सांगते, जो मी प्रत्येकाला करायला लावते. ताई शेजारी नसताना, तिच्याशी बोलायची शक्यता नसताना, त्या विषयातलं तू काय वाचलंस किंवा करून पाहिलंस? गेल्या तीन महिन्यांतलं आठव. सुट्टीत, आजारपणात, ती गावाला गेलेली असताना. त्या काळात विषय तुझ्या डोक्यात येऊन गेला असेल तर तो तुझा आहे, मग तो तुला तिने दाखवला का आणखी कुणी, याला महत्त्व नाही. आणि त्या काळात तू तो उघडलाच नसशील तर तुला ओढ आहे ती ताईच्या सोबतीची. ती ओढही खरीच आहे, पण तिच्यापोटी दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडू नकोस. तो अभ्यासक्रम तुला तिच्याशिवाय करायचा आहे.

या कामात एक नाजूक गोष्ट मी टाळत नाही, कारण टाळली की मुलं एकटी पडतात. कौतुक, आदर, माया आणि प्रेम यांच्या सीमा या वयात स्पष्ट नसतात, आणि त्या तशा असणं हा दोष नाही. तुला जे वाटतं त्याला लगेच नाव द्यायची घाई नको. फक्त नात्याची दिशा बघत राहा. जी मोठी व्यक्ती तुला आणखी चार माणसांशी जोडून देते, तिच्या सोबत तू मोकळी होतेस. जी व्यक्ती इतरांपासून तोडते, तू दुसऱ्याचा सल्ला घेतलास की रुसते, तुझ्याकडून स्वतःचं काम करून घेते आणि श्रेय देत नाही, किंवा ‘हे आपल्यातच राहू दे’ असं वरचेवर म्हणते, तिच्यापासून दूर हो आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग, मग ती कितीही हुशार असो. तुझ्या पत्रातली ताई तशी मुळीच वाटत नाही. पण हे वाचणारी दुसरी एखादी मुलगी तशा नात्यात असू शकते, म्हणून लिहून ठेवलं.

ती जाणार, याविषयी तू सगळ्यात कमी लिहिलंयस आणि तेच तुला सगळ्यात जास्त छळतंय असं मला वाटतं. अॅलन ट्युरिंग हे नाव तुला ठाऊक आहे, संगणकाचा पाया घालणारा गणिती म्हणून. शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे ख्रिस्तोफर मॉर्कम नावाचा मुलगा होता. ट्युरिंग विलक्षण बुद्धीचा, पण त्याचं काम गबाळं असायचं, मास्तर त्यावर वैतागायचे. मॉर्कम भेटला आणि ट्युरिंगला पहिल्यांदा कुणाच्या तरी मताची पर्वा वाटू लागली. त्या भावनेत कौतुक होतं आणि प्रेमही होतं. दोघं मिळून रसायनशास्त्रावर, आकाशातल्या ताऱ्यांवर बोलत असत. ख्रिसचं काम आपल्याहून सरस असतं, कारण तो कसून काम करतो आणि बारीकसारीक तपशील सोडत नाही, हे ट्युरिंगने नेमकं हेरलं होतं. त्याची नजर कुठे होती बघ: ख्रिस काम कसं करतो यावर. 1929च्या डिसेंबरमध्ये दोघांनी केंब्रिजच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. मॉर्कमला मिळाली, ट्युरिंगला नाही. दोन महिन्यांनी, 1930च्या फेब्रुवारीत, मॉर्कम क्षयाने वारला. ट्युरिंगने आईला लिहिलं की तो असता तर जितक्या जोमाने काम केलं असतं तितक्याच जोमाने ते आता करायला हवं, कारण त्याला तेच आवडलं असतं. वर्षअखेरीस ट्युरिंगने पुन्हा परीक्षा दिली आणि केंब्रिजची शिष्यवृत्ती मिळवली. संगणनाचा सिद्धांत मांडणारा त्याचा निबंध 1936चा, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

तुझी ताई फक्त दुसऱ्या शहरात जातेय, आणि फोन सगळ्यांकडे आहेत. तरीही नातं आज आहे तसंच राहणार नाही, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते. मार्गदर्शनाच्या नात्यांचा अभ्यास करणाऱ्या कॅथी क्रॅम यांनी 1983 साली, एका कंपनीतल्या 18 जोड्यांशी सविस्तर बोलून, या नात्याचे चार टप्पे मांडले: ओळख जुळणं, नातं बहरणं, अलग होणं आणि नव्याने जुळणं. तिसऱ्या टप्प्यात दोघांनाही त्रास होतो, थोडा रागही येतो, थोडं पोरकंही वाटतं. मी पाहिलेल्या जोड्या मोडल्या त्या बहुतेक इथेच. ज्युनिअरला वाटतं ताई विसरली, ताईला वाटतं हिला आता माझी गरज उरली नाही, आणि दोघी एकमेकींच्या मेसेजची वाट बघत बसतात. पहिला मेसेज तू कर. ती नव्या जागी स्वतः पहिल्या वर्षाची झालेली असेल, तिला कुणी विचारत नसेल. तिला प्रश्न विचारू नकोस, तुझ्याकडचं काहीतरी सांग. ‘काल हे करून पाहिलं, इथे फसले.’

कधी कधी अडचण उलट बाजूने येते. मायकेल फॅरडेला 1813 साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कामाला लावलं ते तिथल्या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाने, हम्फ्री डेव्हीने. अकरा वर्षांनी फॅरडेची रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेवर निवड होत होती, तेव्हा तिचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीनेच विरोध केला. फॅरडे निवडून आला. आपण घडवलेला माणूस आपल्या पुढे जाताना बघणं मोठ्यामोठ्यांना जड जातं. तुझ्या बाबतीत ही वेळ येईल न येईल. आली तर ताईचा एखादा कोरडा शब्द मनाला लावून घेऊ नकोस, आणि तिच्यासाठी मुद्दाम मागेही राहू नकोस.

राहिली ती पहिल्या वर्षाची मुलं. त्यांना येणारी शंका तुला पूर्णपणे सोडवता येत नाही, म्हणून तुला तोतयासारखं वाटतं. वर लिहिलेलं सगळं आता उलट बाजूने वाच. तुला अजून टकटक ऐकू येते, म्हणूनच ती तुझ्याकडे येतात. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने 1789 नंतर मद्रासच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांकरवी लहान मुलांना शिकवायची पद्धत बसवली. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने तशीच पद्धत चालवली आणि ती कितीतरी देशांत पसरली. एका मास्तराला शेकडो मुलं सांभाळता आली. पण पुढे ती मागे पडली, आणि त्याचं एक कारण मला फार बोलकं वाटतं: मोठी मुलं ठरवून दिलेला धडा जसाच्या तसा पुढे सरकवायची. घोकंपट्टी पोचायची, समज मागे राहायची. म्हणून उद्या कुणी मुलगा वही घेऊन आला आणि तुला उत्तर ठाऊक नसलं तर ‘ताईला विचारून सांगते’ म्हणू नकोस, आणि उत्तर ठाऊक असलं तरी लगेच सांगू नकोस. त्याच्या शेजारी बस, पेन्सिल घे आणि त्याच्यासमोर अड. तुझे कान लाल झाले तरी चालतील.

ताईला हे सगळं सांगावं का, असं तू विचारलेलं नाहीस, पण तुला सांगायचं आहे हे ओळींतून कळतं. सांग. फक्त ‘तू माझी आदर्श आहेस’ असं नको. त्या वाक्यावर समोरच्याला काय बोलावं कळत नाही आणि ओझं मात्र वाढतं. त्या दिवसाचं सांग. तिसऱ्यांदा प्रयोग फसला होता, तू वही मिटत होतीस, ती येऊन बसली, तिने आधी काय विचारलं, मग कुठल्या नोंदीवर बोट ठेवलं. तुला आठवतं तेवढं सगळं. स्वतःच्या वागण्यातली नेमकी कुठली गोष्ट कुणाच्या उपयोगी पडली, हे कळायला फार थोड्या लोकांना मिळतं.

आणि जायच्या आधी तिच्याकडे एक वस्तू माग. तिच्या नीटनेटक्या नोंदी नकोत, त्या तुझ्याकडे आहेतच. तिच्या प्रकल्पाचे रद्द केलेले मसुदे असतील, खाडाखोड केलेल्या वह्या असतील, चुकलेले आलेख असतील. ते सगळं माग. देताना ती लाजेल, म्हणेल, ‘अगं, त्यात काही नाही, सगळा कचरा आहे.’ तरी घे. घरी आणून तारखेप्रमाणे लाव आणि सगळ्यात जुन्या कागदापासून वाचायला लाग.